गाडी थंड असतानाच दाखवा, बाबा

चाकण, 4 जानेवारी

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आई, पहाटे बंद पडणाऱ्या गाडीचा तू पाठवलेला व्हिडिओ रात्री हेडफोन लावून सात-आठ वेळा ऐकला. 40 सेकंदांत सगळं आहे: तुझ्या बांगड्या, लांबवर कोंबडा, इंजिनाची भक्-भक् आणि बाबांचं "होईल गं, दोन मिनिटांत होईल नीट". आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा 500-600 वर थरथरतोय. थंड इंजिन सुरू झाल्या झाल्या तो 1200 च्या आसपास जायला हवा आणि इंजिन तापेल तसा 800 पर्यंत उतरायला हवा. आपल्या गाडीत तो चढतच नाही.

पण खरा धागा दिला तो तुझ्या दुधाच्या कॅलेंडरने. गाडी बंद पडली त्या तारखांवर तू फुल्या मारल्यास. डिसेंबरात 7 फुल्या, आणि सगळ्या द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्या त्या कडाक्याच्या थंडीच्या पहाटेच्या. ढगाळ आठवड्यात एकही नाही. आमच्याकडे असं टिपण करणारा माणूस मिळाला तर अर्धं काम होतं.

बाबा, गॅरेजवाल्याने तीनदा बघून प्लग आणि एअर फिल्टर बदलले, तरी उपयोग झाला नाही, कारण 4 किलोमीटर जाईपर्यंत गाडी गरम होते आणि दुखणं पळून जातं. प्लगच गेले असते तर बहुधा गरम गाडीनेही चढावर झटके दिले असते. गाडी रात्रभर त्यांच्याकडे ठेवा, आणि सकाळी त्यांनाच सुरू करू द्या.

माझा संशय सांगते. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला ते जास्त द्यावं लागतं. तुमच्या पद्मिनी गाडीला त्यासाठी चोक होता, तुम्ही हाताने ओढायचात. आता ते काम कॉम्प्युटर करतो, आणि इंजिन थंड की गरम हे त्याला कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, बुडालेला बोटाएवढा सेन्सर सांगतो. तोच "गरम आहे" म्हणत असेल, तर कॉम्प्युटर पेट्रोलला हात आखडता घेतो आणि इंजिन गचके खातं. पुढे इंजिन खरंच तापतं, सेन्सरचं म्हणणं खरं ठरतं आणि सगळं सुरळीत होतं.

हे तपासायला गाडी सुरूही करावी लागत नाही. कुरिअरने एक छोटं यंत्र पाठवलंय. स्टीअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट आहे, त्यात ते बसवा आणि चावी नुसती ऑन करा. मोबाइलवर दोन आकडे दिसतील, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे हवेत, दोन-तीन अंशांचा फरक चालेल. हवा 8 आणि कूलंट 50 दिसलं तर चोर सापडला. सारखे आले, तर कुठलीतरी रबरी नळी चिरली असेल. थंडीत रबर कडक होतं आणि फटीतून हवा आत ओढली जाते, बारीक स्स्स ऐकू येतं. ती मी आल्यावर शोधेन. कूलंटची पातळी मात्र बाजूच्या टाकीवरूनच बघा, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

आता ज्यासाठी मुद्दाम पत्र लिहायला बसले ते. व्हिडिओत शेडचं शटर अर्ध्यावर आहे, आणि आई नाकावर शाल धरून आत उभी आहे. तो व्हिडिओ बघितल्यापासून मला झोप नाही. सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून थंड गाडीचा धूर सगळ्यात वाईट. आई, सकाळी डोकं धरतं म्हणालीस ना? मला दवाखान्याचं नाव हवं आहे, थंडीचं कारण नको. बाबा, शटर पूर्ण वर करा, गाडी ढकलून अंगणात घ्या, मगच चावी फिरवा. शेजारच्या पोरांना हाक मारा, आढेवेढे घेऊ नका.

मंगळवारी फिजिओथेरपीला रिक्षाने जा. फाट्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांमध्ये गाडी बंद पडलेली मला चालणार नाही.

रविवारी पहाटे सहाला फोन करते. तोवर गाडीला हात लावू नका. आई, फोन चार्ज करून ठेव.

तुमची,
मनू