लायब्ररीतल्या ताई, तुम्ही आधी त्याला विचारलंत

ताई,

समोर येऊन थँक्यू म्हणायचं ठरवलं की गळा दाटून येतो आणि भलतंच काहीतरी बोलून मी परत येते, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझ्या मुलाला डिस्लेक्सिया (हुशार असूनही वाचताना अक्षरं अडतात) आणि एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही) दोन्ही आहे. दोन्ही एकाच मुलात असणं काही दुर्मिळ नाही हेसुद्धा मला तुम्ही दिलेल्या वाचनातूनच कळलं. त्याआधी जे जे भेटले त्यांचं ठरलेलं, आळशी आहे, लाडावलाय, मोबाइल काढून घ्या, डोळे तपासा. एका बाईंनी तर अख्ख्या वर्गासमोर उभं करून धडा वाचायला लावला, भ चा म वाचला म्हणून पोरं हसली आणि बाईही हसल्या. त्यानंतर पुस्तक काढलं की त्याच्या पोटात दुखायचं. नाटक नव्हतं ते, खरंच दुखायचं.

आणि तुम्ही? मी नेहमीसारखी त्याची सगळी हिस्टरी सांगायला लागले तर तुम्ही मला हातानेच थांबवलंत, खाली वाकलात आणि त्याला विचारलंत, "तुला कशाबद्दल वाचायचंय?" तो म्हणाला ज्वालामुखी. मला वाटलं आता बालवाडीचं चित्रांचं पुस्तक येणार, कारण सगळीकडे तेच मिळालं होतं आणि ते हातात धरायचीही त्याला लाज वाटायची. तुम्ही त्याच्याच वयाचं चांगलं जाडजूड पुस्तक काढलंत, त्याचं ऑडिओबुक दिलंत, आणि पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच कापून दिलीत, म्हणजे वरच्या-खालच्या ओळी झाकल्या जातात. म्हणालात, ऐकत ऐकत ओळीवरून बोट फिरव, कंटाळलास तर नुसतं चालत चालत ऐक, तेही वाचनच. चालत चालत! एका जागी बस, बस म्हणून किती ओरडा खाल्लाय ओ त्याने.

आता घरभर फेऱ्या मारत ऐकतो आणि मॅग्मा जमिनीखाली असतो, बाहेर आला की लाव्हा, हे मलाच समजावतो. म्हणजे डोकं पहिल्यापासून शाबूतच होतं ना, अक्षर आणि आवाज यांची सांगड घालताना अडत होतं एवढंच. तुम्ही वाचायला दिलेल्या एका लेखात होतं, १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी १४ वर्षांच्या पर्सीबद्दल लिहिलं, हुशार पोरगा पण वाचताच येईना, आणि त्याचे मास्तर म्हणायचे की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. ते वाचून मी रडले, मग राग आला. एवढ्या जुन्या काळी एका मास्तरांना जे दिसलं ते आमच्या वाट्याला आलेल्या इतक्या शिकल्या-सवरलेल्या लोकांपैकी एकालाही दिसू नये? तुम्ही ना डॉक्टर ना थेरपिस्ट, पण समोरच्या पोराला स्वतःचं मत असतं हे तुम्ही धरून चाललात, आणि अशी माणसं आहेत म्हणूनच आमच्यासारख्यांचा निभाव लागतो.

जोडाक्षरांना अजून अडखळतो, स्पेशल एज्युकेटरकडे ते काम चालू आहे, वेळ लागेल. पण पोटात दुखत नाही. आता त्याला भूकंपावरचं पुस्तक हवंय, त्याचं ऑडिओबुक मिळत नाहीये, म्हणून रोज रात्री मी थोडं थोडं मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करतेय. दुसऱ्या कुठल्या मुलाला उपयोगी पडणार असेल तर सांगा ताई, मी ते तुमच्याकडे आणून देते.