तांडेल यंत्र का बंद करतो, तेही शोधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मच्छीमार होड्यांवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपाँडर, म्हणजे होडीचं ठिकाण कळवणारं आणि संदेश देणारं-घेणारं यंत्र, बसवायची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधून सुरू झाली. एक लाख होड्या, खर्च सुमारे ३६० कोटी. हर्णै बंदरात मी ३२ वर्षं तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, होतो आणि मला ही योजना मनापासून हवी आहे. कारण सांगतो.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही चाळीस वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) खोल पाण्यात होतो. इशारा किनाऱ्यावर आला असेल, आमच्यापर्यंत आला नाही. वायरलेसवर नुसती खरखर. सकाळी वारा फिरला तेव्हाच कळलं. जाळं कापून टाकलं आणि जयगडची खाडी गाठली. रत्नागिरीचे कितीतरी जण परतलेच नाहीत.

पुढच्याच वर्षी, २०१० पासून, संकटात बटण दाबायचं यंत्र होड्यांवर येऊ लागलं. बटण दाबलं की उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला कळायचं, पण दाबणाऱ्याला 'ऐकलं' असं उलट उत्तर येत नसे. बुडत्या होडीवर तेवढं एक उत्तर म्हणजे काय असतं, हे कुठल्याही खलाशाने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. ती सोय यंत्राच्या दुसऱ्या पिढीत आली, तेरा-चौदा वर्षांनी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की यंत्रावर जसं संशोधन होतं तसंच ते वापरणाऱ्या माणसावरही व्हावं. तांडेल यंत्र बंद का ठेवतो? मी सांगतो. मासळीची जागा वर्षानुवर्षांच्या अंदाजाने सापडते, ती दुसऱ्याला कळेल ही धास्ती असते. हद्द ओलांडली म्हणून दंड होईल ही दुसरी. बॅटरी उतरते, हेही आहेच. माझ्या शेवटच्या होडीवर आठांपैकी पाच खलाशी नेपाळचे होते. मराठी संदेश आला तर मी झोपलेला असताना तो वाचणार कोण?

हा प्रश्न फक्त आमच्या जिवाचा नाही. २००८ मध्ये दहा अतिरेकी मुंबईत आले ते पोरबंदरच्या 'कुबेर' या मासेमारी होडीचा ताबा घेऊन. त्यानंतर २० मीटरपेक्षा मोठ्या नौकांना एआयएस, म्हणजे नौकेची ओळख आणि ठिकाण आपोआप कळवणारं यंत्र, सक्तीचं झालं, पण आमच्या बहुतेक होड्या त्याहून लहान. अशा हजारो होड्यांमधून संशयास्पद होडी ओळखायची तर बाकीच्यांची यंत्रं चालू हवीत. धाकाने यंत्र बसवता येईल, रात्री समुद्रात ते चालू ठेवणं तांडेलाच्याच हातात आहे. यंत्राची माहिती कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, दंडासाठी वापरणार की नाही, हे नियमात लिहून द्या.

कोकण कृषी विद्यापीठ आमच्याच दापोलीत आहे, त्याचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीला शिरगावात. मत्स्य विभागाने हे काम त्यांना द्यावं. विद्यार्थ्यांनी होडीवर एक-दोन फेऱ्या कराव्यात, किती यंत्रं चालू आहेत ते मोजावं, मोठ्या जहाजाखाली येता येता वाचलेल्या होड्यांची नोंद करावी. माझ्या वाट्याला असे दोन प्रसंग आले. ते कुठल्याही कागदावर नाहीत.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, तांडेल घरी. विचारायला यायचं तर तेव्हा या.

आपला,
एक निवृत्त तांडेल
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी