मिडफिल्डरची बातमी कधी येणार?

संपादक साहेब, नमस्कार,

क्रीडा पानावर रोज क्रिकेटच असतं. माझा भाचा भुसावळला फुटबॉल खेळतो, मिडफिल्डला म्हणजे मधल्या फळीत, आई मल्याळी, वडील अहिराणी बोलणारे, दिवसभर दुकानाचा काउंटर सांभाळतो अन् संध्याकाळी सोल सुटलेला बूट सुतळीने बांधून ग्राउंडवर, तरी लोक विचारतात तू नेमका कुठला रे? खूप लागतं त्याला. मी त्याला अराता इझुमीचं सांगतो, वडील भारतीय, आई जपानी, पुणे एफसी क्लबचा तेव्हाचा मिडफिल्डर, आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही म्हणून जपानचा पासपोर्ट सोडला अन् २०१३ला भारताची जर्सी घातली. केवढी मोठी गोष्ट! अशांवर अर्धा कॉलम तरी छापा ना, पोऱ्या कात्रण जपून ठेवेल.

एक वाचक, भुसावळ