रविवारी गळती तपासणी : शनिवारी रात्री रंग टाकायला विसरू नका

सर्व सभासद व भाडेकरूंना,

येत्या रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत सोसायटीचा प्लंबर आणि समितीचे एक सदस्य ए व बी विंगमधल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये येतील. कोणीतरी घरी थांबा, नाहीतर किल्ली शेजारी ठेवा.

त्याआधी एवढे करा. शनिवारी झोपताना फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर टाकीच्या तळाचा वॉशर गेला आहे. ही गळती आवाज न करता रात्रभर चालते, म्हणून नळापेक्षा हीच जास्त लबाड!

– सिंकखालचे अँगल कॉक (पाणी बंद करायचे छोटे नळ) कोरड्या टिश्यूने पुसून पाहा.
– बाथरूमच्या टाइल्समधल्या भेगा दाखवा.
– गिझरच्या व्हॉल्व्हमधून तापताना थोडे थेंब पडतात, ते चालते. गिझर बंद असतानाही पडले तर सांगा.

खर्चाचे : बाहेरच्या सामायिक पाइपची गळती सोसायटी दुरुस्त करेल, घरातली ज्याची त्याने. खालच्या मजल्यावर ओल उतरली असेल, तर वरच्यांनी दार उघडावे. वाद झाला तर तो समितीसमोर मांडू.

– सचिव