मेव्हण्याला जेवण घाल

भोसरी, पुणे

प्रिय शिवा,

पत्र पोचलं. मेव्हण्याशी लावलेल्या पैजेचा निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांत डोक्याने वाचशील. हरलास. ‘द ग्रेट एस्केप’ या युद्धपटात तारेच्या कुंपणावरून उडते ती बीएमडब्ल्यू नव्हे, ट्रायम्फ. टीआर६ ट्रॉफी, ६५० सीसी, अस्सल ब्रिटिश. गोष्ट १९४४ची आणि टीआर६ आली १९५६ साली. लष्करी रंग फासला, मागे कॅरिअर लावलं, झाली जर्मन! मेव्हण्याला जेवण घाल, आणि तांबडा-पांढरा वाढताना हात आखडू नकोस.

तू म्हणशील, खरी जर्मन गाडीच का नाही घेतली? अरे, बीएमडब्ल्यूची आर७५ म्हणजे साइडकारसकट चारशे किलोच्या वरचं धूड. साइडकारचं चाकसुद्धा इंजिनावर फिरणारं. चिखलातून माणसं आणि सामान ओढायला बनवलेली गाडी ती, कुरणातून पळवून उडवायला नव्हे. ट्रायम्फवर उडी मारली ती बड एकिन्सने. कॅलिफोर्नियात ट्रायम्फची एजन्सी चालवणारा आणि तिथल्या वाळवंटात शर्यती मारणारा गडी. सिनेमाचा नायक स्टीव्ह मॅक्वीन, त्याला उडी मारू दिली नाही, पण तो काय गप्प बसतोय! जर्मन शिपायाचा वेश चढवून पाठलागातही त्यानेच गाडी हाणली. म्हणजे काही शॉटमध्ये पुढेही मॅक्वीन आणि मागेही मॅक्वीनच.

आता तुझा दुसरा प्रश्न, बाकीच्या युद्धपटांतल्या साइडकारवाल्या ‘जर्मन’ गाड्यांचा. त्यातल्या कितीतरी रशियन आहेत. सोव्हिएत लोकांनी बीएमडब्ल्यूच्या आर७१वरून एम-७२ बनवली. १९४१मध्ये जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा कारखाना उचलून उरल डोंगरापलीकडे इर्बितला नेला. उरल गाडी तिथलीच. पुढे चिन्यांनी त्याच घराण्यातली चांग ज्यांग काढली. स्वस्त, मुबलक, पार्ट मिळणाऱ्या. चित्रपटवाल्याला आणखी काय पाहिजे? ओळखायची झाली तर पुढच्या वेळी सिलिंडरची हेडं बघ. आर७५च्या हेडावर व्हॉल्व्हचं गोल फुगीर झाकण असतं. एम-७२चे व्हॉल्व्ह बाजूला, म्हणून हेड चपटं, वर नुसत्या थंडाव्याच्या पट्ट्या, म्हणजे फिन्स. एकदा दिसलं की सिनेमा बघण्यातली मजा गेली म्हणून समज. आमची ही आता माझ्या शेजारी बसून युद्धपट बघत नाही.

पण माझ्या फायबरच्या धंद्याच्या दृष्टीने खरी गोष्ट फेरारीची. ‘फेरिस ब्युलर्स डे ऑफ’ (१९८६) हा सिनेमा आठवतो? त्यातली लाल २५० जीटी कॅलिफोर्निया. अस्सल गाड्या जेमतेम शंभरेक बनल्या होत्या. त्यातली एक दरीत ढकलायला कोण देणार? कॅलिफोर्नियातल्या मोडेना डिझाइन नावाच्या छोट्या कंपनीने फायबरग्लासची बॉडी आणि फोर्डचं व्ही-८ इंजिन घालून नकला बनवून दिल्या. दिग्दर्शक जॉन ह्यूजचा पहिला फोन आला तेव्हा तिथल्या मालकाला वाटलं, कुणी दोस्त फिरकी घेतोय. त्याने फोन आपटला! काच फोडून खाली जाते ती नुसती खोकी, आत यंत्र नाही. मी ते दृश्य थांबवून थांबवून बघितलंय. पत्रा चेपतो, फायबर तडकतं आणि तडकलेल्या कडेला काचेचे धागे दिसतात. ते दिसू न देता गाडी पाडायची म्हणजे कॅमेरावाल्याचंही कसब आलं.

फेरारीला नकलांचं हे कौतुक अर्थातच रुचलं नाही. अमेरिकन टीव्ही मालिका ‘मायामी व्हाइस’मधली काळी फेरारी डेटोना म्हणजे शेवरोलेच्या कॉर्व्हेटवर चढवलेली बॉडी. ती बनवणाऱ्याला फेरारीने कोर्टात खेचलं. मालिकेला मात्र खऱ्या फेरारी टेस्टारोसा दिल्या आणि पडद्यावर त्या डेटोनाच्या चिंधड्या उडाल्या. बनवणाऱ्याला खटला आणि दाखवणाऱ्याला नवी गाडी, वा रे न्याय! ब्रँडचं रक्षण वगैरे मला कळतं, पण कारागिराच्या बाजूने बोलायला तिथे कुणी नव्हतं, हेही खरं.

ॲस्टन मार्टिनने शहाणपणा केला. ‘नो टाइम टू डाय’ या बॉण्डपटासाठी बॉण्डच्या डीबी५ गाडीच्या आठ नकला त्यांनी स्वतःच बनवल्या. जुनी बॉडी ॲल्युमिनियमची, ही कार्बन फायबरची. इटलीतल्या मातेराच्या गुळगुळीत दगडी गल्ल्यांत त्या आडव्या घसरवल्या. दोन गाड्यांच्या टपावर पिंजरा होता, त्यात बसून स्टंटवाला प्रत्यक्षात गाडी चालवायचा. खाली डॅनियल क्रेग स्टिअरिंग फिरवतोय ते नुसतं दाखवायला. त्यातली एक नक्कल २०२२मध्ये लिलावात २९ लाख पौंडांवर गेली. साध्या अस्सल डीबी५ला सहसा त्याच्या निम्मेही येत नाहीत.

मला तर वाटतं, शिवा, नकली गाडीला अस्सलपेक्षा जास्त राबावं लागतं. संग्रहातली गाडी रविवारी दोन किकमध्ये सुरू झाली नाही तरी मालक कौतुकानेच बघतो. ही दहाव्या टेकलाही पहिल्याच किकला उठली पाहिजे, नाहीतर शंभर माणसं उन्हात खोळंबतात.

आता तुझ्या बुलेटचं. शूटिंगवाल्यांना ती ‘युद्धातली’ करून पाहिजे म्हणतोस, तर कर, पण फ्रेम कापू देऊ नकोस आणि चासी नंबरवर रंगाचा थेंबही नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, नोंदणीतल्या गाडीत मनाला येईल तसा बदल चालत नाही. सगळं नटबोल्टवर निघेल असं करू. मागचं कॅरिअर आणि दोन्ही बाजूंच्या पेट्या मी फायबरच्या करून देतो. मडगार्डांची मापं आणि मागच्या शॉकॉबपासून इंडिकेटरपर्यंतचं अंतर कळव. टाकीला मॅट रंग थेट मारू नकोस, वरून निघणारा कोट मी आणतो. आणि भाडं आधी हातात घे. सिनेमावाल्यांचं उधार तुला माहीत आहेच.

वहिनींना नमस्कार. आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
सुधा