त्या पाच ऑर्डरी कुणाच्या ते कळलंय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे बोलायला घेतलं की बाबा "बरं, ठेवतो आता" वर येतात आणि आई विषयच बदलते, म्हणून सरळ लिहायला बसलेय. मागच्या रविवारी बाबांनी विचारलं होतं, "त्या फोटोंच्या धंद्यातून काही सुटतं का?" आणि मी "हो, चाललंय की" म्हणून वेळ मारून नेली. आता खरं सांगते, पण त्याआधी तुमची चोरी.

बाबा, रेल्वेगाड्यांच्या माझ्या फोटोंच्या प्रिंट विकायचं ऑनलाइन दुकान सुरू केलं त्या पहिल्या महिन्यात ज्या पाच ऑर्डरी आल्या ना, मावशीच्या नावाने, मामाच्या नावाने, त्या शेजारच्या काकांच्या नावाने वगैरे, त्या पाचही तुम्ही दिल्यात. नाही म्हणू नका. सूचनेच्या रकान्यात पाचही जणांनी एकच वाक्य लिहिलंय, "पॅकिंग नीट करणे. कळावे." ऑर्डरच्या फॉर्ममध्ये "कळावे" लिहिणारा माणूस ह्या जगात एकच आहे आणि तो मला चांगला ओळखीचा आहे. मी मूर्ख, आठ महिन्यांनी हिशेब करायला बसले तेव्हा कुठे हे डोळ्यात आलं.

रागावले नाहीये. म्हणजे पहिले दोन दिवस रागावले होते, मग हसायला आलं आणि त्यानंतर थोडं रडूही आलं, ते जाऊ दे. पण त्या पाच ऑर्डरींनी काय गोंधळ घातला ते तुम्हाला कळायला हवं. तुम्ही पाचही वेळा एकच फोटो घेतलात, वळणावरचं लाल इंजिन, बहुतेक पानावर तोच सगळ्यात वर होता म्हणून. मला वाटलं, हेच ते! लोकांना लाल इंजिन हवंय. मग मी त्याच एका फोटोच्या एकदम ४० प्रिंट काढून घेतल्या, कारण एकगठ्ठा काढल्या की लॅबवाला दर कमी करतो. त्यानंतरच्या सात महिन्यांत लाल इंजिनाच्या किती गेल्या माहितेय? चार. उरलेल्या ३६ माझ्या पलंगाखाली आहेत, दर वेळी केर काढताना त्यांना नमस्कार करते.

तर हिशेब. एकूण ३७ प्रिंट गेल्या, तुमच्या ५ वजा केल्या की राहिल्या ३२. गिऱ्हाईक शंभर देतं असं धरा, तर त्यातले साधारण ३८ कागद आणि छपाईत जातात, २१ पॅकिंग आणि कुरिअरमध्ये, १२ साइटच्या आणि पेमेंटच्या कमिशनमध्ये आणि ९ वाकलेल्या, डाग पडलेल्या, परत आलेल्या प्रिंटमध्ये. हातात राहतात २०. ह्यात पहाटे उठून जाण्याचा प्रवास, लेन्स, कॉम्प्युटरसमोर घातलेल्या रात्री काहीच धरलेलं नाही आणि पलंगाखालचा तो गठ्ठाही नाही. ते धरलं तर मीच गिऱ्हाइकांना पैसे देतेय असं निघेल. बाबा, तुम्ही आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्यात, त्यामुळे ह्यावर मी वेगळं भाष्य करत नाही.

फोटो काढणं आणि फोटो विकणं ह्यात एवढं अंतर असेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. स्क्रीनवर झक्कास दिसणारा फोटो कागदावर काळवंडून येतो, कारण स्क्रीन स्वतः उजेड फेकते आणि कागदाला तो खोलीतून उसना घ्यावा लागतो. पहिली रात्रीची प्रिंट हातात आली तेव्हा इंजिनाची चाकंच गायब, सगळा एक काळा गोळा, कारण मी हौसेने मॅट, म्हणजे बिनचमकीचा कागद निवडला होता आणि मॅटवर काळा रंग तेवढा गडद उतरतच नाही, सावलीतले बारकावे एकमेकांत मिसळून जातात. आता स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर ठेवते आणि रात्रीच्या फोटोंना किंचित चमक असलेला कागद वापरते. मग फ्रेमची भानगड. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन ह्या मापाचा, आणि लोकांच्या घरात फ्रेम ८ बाय १०ची. त्यात बसवायचा तर फोटोचा एक षष्ठांश कापायचा! गाडीच्या फोटोत कापणार काय, इंजिन का शेवटचा डबा? शेवटी चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडून छापायला लागले, तर एका बाईंनी प्रिंट परत पाठवली, "कागद वाया घालवलाय" म्हणून.

आणि मोठी करायची तर कुठवर? २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके, इंचाला ३०० धरले तर २० बाय १३ इंचाच्या जरा पुढे. लांबून बघायची असेल तर अजून ताणता येते, पण लोक फोटोला नाक लावून बघतात, त्याला काय करणार.

आई, तू नेहमी विचारतेस, गाडी एवढ्या वेगात असते तर फोटो हलत कसा नाही. ऐक. ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. शटर एक हजारांश सेकंद उघडलं तर तेवढ्यात गाडी सरकते फक्त अडीच सेंटीमीटर, लांबून ते कळतही नाही. आणि हो, रुळांजवळ जात नाही मी, फाटकाच्या बाहेर, पुलावर नाहीतर शेताच्या बांधावर उभी असते, हे तुला शंभरदा सांगून झालंय. शिवाय रेल्वेच्या हद्दीत हौसेने फोटो काढणं वेगळं आणि विकायला काढणं वेगळं, त्याच्या परवानग्यांचे नियम जागोजागी निराळे असतात, म्हणूनही मी बाहेरच बरी.

सगळ्यात मोठी चूक मात्र गिऱ्हाईक ओळखण्यात झाली. मला वाटलं होतं गाड्यांचे वेडे लोक घेतील. ते घेत नाहीत! त्यांच्याकडे स्वतःचे हजारो फोटो असतात. ते येतात, "वा, लेन्स कुठली?" विचारतात, पेंटोग्राफचं, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या इंजिनावरच्या सांगाड्याचं, टोक कापलं गेलंय हे दाखवून देतात आणि जातात. घेतात ते लोक ज्यांना गाड्यांमधलं काही कळत नाही पण ज्यांचं गाडीत काहीतरी अडकलेलं असतं. ३२ पैकी १३ प्रिंट एकाच फोटोच्या गेल्या, धुक्यात निघून जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्याचा लाल दिवा. तोच, जो बघून आई म्हणाली होती, "ह्यात गाडी कुठंय?" मी तो डिलीट करणार होते. एकीने तो घेतला आणि कळवलं की तिचे वडील गार्ड होते, लहानपणी ते ड्यूटीवर निघाले की तिला शेवटी हाच दिवा दिसायचा. ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

अजून एकांनी वडिलांनी चालवलेल्या इंजिनाचा नंबर लिहून पाठवला, आहे का म्हणून. ते इंजिन कधीच भंगारात गेलेलं. सात वर्षांपूर्वीच्या हार्डडिस्क उपसल्या तेव्हा एका भलत्याच गाडीच्या मागे ते अर्धवट उभं सापडलं, तेही जरासं फोकसबाहेर. लाजत लाजतच पाठवून बघितलं. त्यांनी सगळ्यात मोठ्या साइजची मागवली. माझ्या आजवरच्या विक्रीतली ही सगळ्यात वाईट फोटोग्राफी आणि सगळ्यात जास्त पैसे. तेव्हापासून प्रत्येक फोटोला इंजिनाचा नंबर, तारीख आणि जागा लिहून ठेवायला लागलेय, जुन्या अकरा हजार फोटोंचं काम बाकी आहे. (बाबा, रिकामे असाल तर... नंतर बोलू.)

तुम्ही एकदा विचारलं होतं, जगात कोणी ह्याच्यावर पोट भरलंय का. ओ. विन्स्टन लिंक नावाचा एक अमेरिकन फोटोग्राफर होता. १९५५ ते १९६० ह्या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं त्याने रात्री फोटोत पकडली, एकदाच पेटून संपणारे फ्लॅशबल्ब डझनांनी वायरने जोडून, आणि तेही स्वतःच्या खिशातून. आज तिकडच्या व्हर्जिनिया राज्यातल्या रोआनोक शहराच्या जुन्या स्टेशनात त्याच्या फोटोंचं म्युझियम आहे, २००४ साली उघडलं. पण त्याचं पोट जाहिरातींच्या आणि कारखान्यांच्या फोटोंवर चालायचं, आणि गाड्यांचं त्याने आधी विकलं काय, तर आवाज! इंजिनांचे आवाज रेकॉर्ड करून त्याच्या तबकड्या काढल्या. फोटोंना खरा मान मिळाला तो थेट १९८०च्या दशकात, तोवर तो म्हातारा व्हायला आला होता. मी काही लिंक नाही, पण त्याचीही नोकरीधंद्याची बाजू वेगळी होती हे वाचून मला जरा हायसं वाटलं.

म्हणजे नोकरी सोडत नाहीये. आईने मावशीजवळ ही काळजी बोलून दाखवली असं कळलं, मला विचारलं असतंस तर त्याच दिवशी सांगितलं असतं. मध्ये दोन महिने डोक्यात होतं ते, खोटं कशाला बोलू. पण त्याच दिवसांत एकदा पहाटे पुलावर उभी होते, धुकं उतरत होतं, आणि मी विचार काय करत होते तर हे सोफ्याच्या मागच्या भिंतीवर आडवं बरं दिसेल का उभं. मालगाडी आली नि गेली. डबे किती होते विचारशील तर माहीत नाही. आई, तू मला फाटकाशी उभी करून मोजायला शिकवलं होतंस, इंजिन सोडून, शेवटचा गार्डचा डबा धरून, आणि आपलं दोघींचं उत्तर जुळलं नाही की पुढच्या गाडीपर्यंत थांबायचीस. इतक्या वर्षांत न मोजता गेलेली ती पहिलीच गाडी असेल.

तर ठरवलंय असं. दुकान बंद करत नाही पण ऑर्डर आल्याशिवाय एकही प्रिंट काढायची नाही. वर्षातून एक कॅलेंडर करायचं, ते खपतं, फक्त सप्टेंबरपर्यंत तयार पाहिजे, जानेवारी उलटला की रद्दी. नंबर विचारत येणाऱ्यांसाठी जुने फोटो शोधून द्यायचे. लेन्सचा आणि प्रवासाचा खर्च निघाला तरी पुष्कळ झालं. आणि महिन्यातून निदान एक सकाळ अशी की त्या दिवशीचं काहीही विकायला लावायचं नाही.

आता तुमच्याकडच्या, प्रिंट गुंडाळून पाठवलेल्या त्या पाच नळ्या. कपाटावर ठेवल्या असतील तशाच, हो ना? उघडल्यासुद्धा नसतील. उघडा. प्रिंट जास्त दिवस गुंडाळी करून ठेवली की तिला तसाच बाक बसतो. दोन स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये पालथी घालून वर बाबांच्या जाड वह्या चार दिवस ठेवा, छापलेल्या बाजूला बोट लावू नका. एक भिंतीवर लावा, ऊन थेट येत नाही अशा. बाकीच्या चार ज्यांच्या नावाने मागवल्यात त्यांना देऊन टाका, बिचाऱ्यांना पत्ताही नसेल.

आणि आई, तू खरं सांग, बाबांना न विचारता. तुला एकच फोटो घ्यायचा असता तर कुठला घेतला असतास? लाल इंजिन म्हणू नकोस.

तुमची,
चिमी

ता. क. नळ्या टाकू नका, येईन तेव्हा घेऊन जाईन, पॅकिंगमध्ये परत वापरता येतात. नीट ठेवणे. कळावे.