चेंडू मुलांचा, वेळ दुपारची

‘मैदाने आहेत, मुलीच खेळायला येत नाहीत’ अशी तक्रार करणारे पत्र याच सदरात वाचले. आमच्या भायखळ्यात मुली येतात, बास्केटबॉलचे कोर्टच मिळत नाही. माझ्या मुलीच्या संघाला दुपारी ३ ची वेळ. सिमेंट इतके तापते की पडल्यावर हात टेकवत नाही. दिवे लागले की कोर्ट मुलांचे. चेंडूही त्यांचाच, ७ नंबरचा. महिलांच्या स्पर्धा ६ नंबरच्या, घेराने सुमारे इंचभर लहान चेंडूने होतात. सरावाला एक, सामन्याला दुसरा, नेम चुकणारच. मग ‘मुलींना जमत नाही’ म्हणायला सगळे मोकळे! ऑलिंपिकमध्ये महिलांचा बास्केटबॉल १९७६ पासून आहे. आम्हाला आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि ६ नंबरचे चार चेंडू मिळाले तरी पुरे.

– एक पालक, भायखळा, मुंबई